डिचोलीच्या वाचकांना उत्तर: एक टीबीची डिस्क, पण भरते 80 जीबीच

कॉलेजच्या व्याख्यानांचे व्हिडिओ वसतिगृहातल्याच एका संगणकात, म्हणजे पेटीत, साठवून (कॅश करून) वायफायवर देण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. आता सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद, मधल्याला न वाचता येणारं, मग कॅश कशाला? एक टीबीची डिस्क टाकली की काय ठेवायचं नि काय काढायचं याची चिंता कशाला? आणि मुलांनी मागितल्यावर भरण्यापेक्षा रात्रीच सगळं उतरवून का ठेवू नये?

पहिली हरकत अर्धी मान्य. यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम मधल्या पेटीत साठवता येत नाही. मुलांच्या फोनवर आपलं प्रमाणपत्र बसवून ते कुलूप फोडायच्या फंदात तर पडूच नका. अँड्रॉइड 7 पासून बहुतेक ॲप्स तसलं प्रमाणपत्र मानत नाहीत, आणि कुणाच्या बँकेच्या व्यवहारात डोकावायचा वसतिगृहाला अधिकार नाही. पण लेख कॉलेजच्या स्वतःच्या व्याख्यानांबद्दल होता. डोमेन आपलं, त्यामुळे पेटीसाठी वेगळं उपनाव घ्या, सार्वजनिक डीएनएसमध्येच (नावावरून पत्ता सांगणारी यादी) त्यासमोर 192.168 चा आतला पत्ता लिहा आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र डीएनएस पडताळणीने (डोमेनच्या नोंदीत खूण लिहून) काढा. नाव नुसतं राउटरवर वळवलं, तर ज्या फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये बाहेरचा पुरवठादार टाकलेला आहे तो पेटीपर्यंत येतच नाही. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली असेल तर त्याचं रिबाइंड प्रोटेक्शन आतल्या पत्त्याचं उत्तर गाळून टाकतं. आपलं नाव तिथे अपवादात घाला.

डिस्कबद्दल मात्र तुमचा हिशेब चुकतो. एन्जिनएक्समध्ये (पेटीवर कॅश सांभाळणारा वेब सर्व्हर) फाइलचे 1 एमबीचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याची एक नोंद मेमरीतल्या कीज झोनमध्ये होते. 1 एमबी झोनमध्ये साधारण 8,000 नोंदी मावतात. इंटरनेटवरच्या नमुन्यातून उचललेला 10 एमबीचा झोन म्हणजे 80,000 तुकडे, म्हणजे जेमतेम 80 जीबी. त्यापुढे जुन्या नोंदी हाकलल्या जातात आणि बाकीची डिस्क नुसती फिरत राहते. एक टीबीला 128 एमबी झोन ठेवा. त्याहून मोठी खोच ‘इनॅक्टिव्ह’मध्ये, म्हणजे कुणी न मागितलेला तुकडा किती वेळ ठेवायचा त्यात, आहे: काही लिहिलं नाही तर ती मुदत 10 मिनिटांची असते. संध्याकाळी पाहिलेलं व्याख्यान जेवणं होईपर्यंत पुसलेलं असतं! 30 दिवस लिहा.

तुकडे करायचेच का? 300 एमबीचं व्याख्यान, 50 एमबीपीएसची लाइन, एकाच वेळी 40 मुलं. एक प्रत यायला निदान 48 सेकंद लागतात. चाळीस प्रती म्हणजे 32 मिनिटं. कॅश लॉक चालू केलं की पहिली विनंती बाहेर जाते आणि बाकीच्या थांबतात, पण लॉकची मुदत मुळात 5 सेकंद. अख्खी फाइल एकदम मागवली तर सहाव्या सेकंदाला उरलेले एकोणचाळीस जणही बाहेर धावतात, आणि त्यांना मिळालेलं कॅशमध्येही जात नाही. 1 एमबीचा तुकडा पाव सेकंदाच्या आत येतो, म्हणून लॉक टिकतं. कॅश कीमध्ये (साठवलेल्याची ओळख) तुकड्याची रेंज, म्हणजे फाइलमधला कुठून कुठपर्यंतचा भाग, घालायला आणि 206 हे (फाइलच्या एका भागाचं) उत्तरही साठवायला विसरू नका.

रात्री भरून ठेवायला हरकत नाही, पण उद्याच्या वेळापत्रकातल्या दोन-चार व्याख्यानांपुरतं. फाइल मागवणाऱ्या एका कर्ल कमांडने काम होतं. सगळा साठा उतरवला तर कुणी न पाहिलेले तासही जागा खातात.

पावसाळ्यात सत्तरी तालुक्याकडे वीज गेली आणि फायबरही तुटली, तर आणखी एक घोळ होतो. वीज परत येते, पेटी उठते, पण मूळ (कॉलेजच्या) सर्व्हरचं नाव सापडत नाही म्हणून एन्जिनएक्स सुरूच होत नाही. डिस्कवर सगळं असून मुलांना काही दिसत नाही. प्रॉक्सी पासमध्ये (विनंती कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) नाव थेट न लिहिता व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर) द्या. मग नाव विनंतीच्या वेळी शोधलं जातं आणि मुदतीतली व्याख्यानं चालू राहतात.

पेटी बाहेरची लाइन वाचवते, हवेतला वेळ नाही. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडचा फोन हळू वेगावर बोलतो आणि जवळच्यांचाही वेळ खातो, तिथे कॅशचा इलाज नाही. त्या खोलीत केबल ओढून ॲक्सेस पॉइंट लावावा लागतो.

तुमच्या पेटीवर सारखं ‘मिस’ (कॅशमध्ये सापडलं नाही) येत असेल तर मूळ सर्व्हरच्या उत्तरात सेट-कुकी ही ओळ आहे का ते आधी बघा. ती असली की एन्जिनएक्स ते उत्तर साठवत नाही. तिथे सगळं ठीक असेल, तर लॉगमधल्या चार ओळी इथेच टाका.