पेपर वाचला का कुणी?

आज डोकं सटकलंय, पोस्ट लांबणार. घाईत असाल तर पुढे सरका.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिचं नाव लिहीत नाही, संस्थेचं तर नाहीच. पोरीला अजून याच शहरात नोकरी शोधायचीय. टीबीच्या रुग्णांच्या टी सेल्सवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींवर पीएचडी, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. आज इंटरव्ह्यू होता. संध्याकाळी कुर्ल्याच्या पुलावरून फोन. "मॅडम, पॅनेलवरच्या सरांनी मोबाइलवर गूगल स्कॉलर उघडलं आणि म्हणाले, एच-इंडेक्स फक्त पाच?" पुढचा प्रश्न थेट लग्नाचा. संशोधनावर एक अक्षर नाही.

अहो, पाचच पेपर, म्हणजे शोधनिबंध, आहेत तिचे! प्रत्येकी निदान पाच सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरात केलेले उल्लेख) असलेले पाच पेपर, म्हणजे एच-इंडेक्स पाच. प्रत्येकाला हजार-हजार सायटेशन मिळाली तरी सहा होणार नाही. २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेलं हे साधं गणित. पॅनेलवर बसणाऱ्याला एवढं ठाऊक नसावं?

आणि पाचच का, ते विचारा ना. रुग्णाचं रक्त घेतलं की त्याच दिवशी फायकॉल नावाच्या द्रावणावर पेशी वेगळ्या करायच्या. आइसबॉक्स मांडीवर घेऊन ही हार्बरने लॅब गाठायची. उपचार सहा महिन्यांचे, तेवढा काळ त्याच माणसाचे नमुने हवेत. मे महिना आला की रुग्ण गावी! फोन बंद झाला, की त्याच्यापुरती मालिका तुटली, पुन्हा नवा रुग्ण शोधा. असल्या कामाचे वर्षाला चार पेपर कुठून काढणार? निघतात म्हणा, एका कामाचे तीन तुकडे केले की. तिने केले नाहीत. केले असते तर आज पेढे वाटत असती.

बरं, निवडीत आकडा बघायचाच नाही म्हटलं तर वशिला चालतो, हे मान्य. आणि अर्जांचा गठ्ठा आला की सगळं वाचणं जमत नाही, तेही मान्य. पण इंटरव्ह्यूला बोलावलेल्या चार-पाच जणांचं? रणजीची टीम निवडताना सरासरी बघतातच, पण निवडणारा कधीतरी मैदानावर जाऊन खेळ बघतो.

इम्युनॉलॉजीवाल्यांनी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी तर हे बोलूच नये. कोंबडीच्या बर्सा या अवयवाचा अँटिबॉडीशी संबंध आहे, हा ग्लिक आणि सहकाऱ्यांचा शोध 'सायन्स' या नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. कोंबड्यांचं मासिक! आज एफवायच्या पोरांना बी सेल (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) शिकवतो, त्याची सुरुवात तिथली. त्या वर्षी ग्लिक यांचं प्रोफाइल कुणी मोबाइलवर उघडलं असतं तर काय म्हणाले असते?

शंभुनाथ डे घ्या. कोलकात्यात बसून कॉलऱ्याचं विष दाखवून दिलं, १९५९ साली 'नेचर'मध्ये छापून आलं, आणि तरी बरीच वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर भरभरून कुणी लिहिलं? युजीन गारफिल्डने. हो, इम्पॅक्ट फॅक्टरवालाच (सायटेशनवरून नियतकालिकाचं वजन ठरवणारा आकडा) गारफिल्ड. सायटेशन मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे दिसलं, आपल्या पॅनेलला दिसत नाही.

उलट सगळ्यात जास्त सायटेशन कुणाला, तर १९५१ च्या लोरींच्या पेपरला. तीन लाखांच्या वर. प्रोटीन मोजायची पद्धत आहे ती. उपयोगाची आहे, मीही वर्षानुवर्षं त्यात येणारा निळा रंग मोजलाय. पण म्हणून जीवशास्त्रातला सर्वांत मोठा शोध तोच का?

आणि बॉम्बे ब्लड ग्रुप, तो अतिदुर्मिळ रक्तगट! १९५२, डॉ. भेंडे, आपली मुंबई. ज्याच्या घरच्याला ते रक्त लागतं, तो रात्री-अपरात्री डोनर शोधत फिरतो. सायटेशन किती, हे विचारत नाही.

असो. थोडी शांत झालेय. ते सर वाईट नसतील, त्यांच्याही नोकरीत हेच आकडे मागितले गेले असणार. पोरगी रडली वगैरे नाही. तिला चीड एवढीच होती की पेपरांच्या प्रिंट काढून नेल्या होत्या, स्टेपल करून, आणि त्या तशाच परत आल्या.

पॅनेलवर बसणारे बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. दादांनो, ताईंनो, पुढच्या वेळी निदान प्रत्येकाचा एक पेपर वाचून जा. चर्चगेटला बसलात तर बोरिवलीच्या आत होतो. मेथड्स सोडून दिल्या तर अंधेरीच्याही आत.