दूरदर्शनसाठी हळहळण्याची योग्य पद्धत

२ ऑक्टोबर जवळ आला की तयारीला लागा. गांधीजींना त्या दिवशी सगळेच नमस्कार करतात, पण १९७२ साली त्याच तारखेला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं हे फक्त तुमच्यासारख्या जाणकारालाच आठवतं. दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. वरळीचा मनोरा, वरळीचाच स्टुडिओ, संध्याकाळचे मोजके तास. एवढं भांडवल पुरतं. पुढची तीन मिनिटं तुम्ही खंतावलेल्या आवाजात बोलू शकता आणि समोरच्याला माना डोलावण्याखेरीज काही करता येत नाही.

सुरुवात बातम्या देणाऱ्यांच्या नावांपासून करा. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून ‘काय उच्चार होते!’ म्हणायचं. मग स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायची, हा किस्सा जणू आजच उघड होतोय अशा थाटात सांगा. ऐकणाऱ्याने तो आधी दहांदा ऐकलेला असतो, पण तोही जाणकार असल्यामुळे ‘काय सांगता!’ म्हणतो.

उच्चारांपाशीच थांबायचं मात्र. त्या सुंदर उच्चारांत नेमकं काय वाचलं जात होतं, इकडे वळू नका. हे केंद्र सुरू झालं तेव्हा दूरदर्शन आकाशवाणीचाच एक भाग होतं, १९७६ च्या एप्रिलमध्ये ते वेगळं झालं, आणि दोघंही राहिली सरकारच्या खात्यातच. तो काळ आणीबाणीचा. त्याच वर्षी किशोरकुमारची गाणी दोन्हीकडून बंद झाली, कारण सरकारच्या कार्यक्रमात गायला त्याने नकार दिला होता. ‘छायागीत’ या सिनेगाण्यांच्या कार्यक्रमाच्या आठवणीने गहिवरताना हा तपशील घशात अडकतो, म्हणून गाळलेला बरा. मंत्र्यांनी कुठे कोनशिला बसवली आणि कुठे फीत कापली याच्या बातम्याही भिडे त्याच खणखणीत आवाजात देत. आवाज आठवा, फीत विसरा.

ॲन्टेनाचा किस्सा सक्तीचा आहे. गच्चीवर काका, खिडकीत काकू, ‘आलं का?’, ‘आत्ता होतं, गेलं!’ यात फेरफार करायची परवानगी नाही. त्यानंतर चाळ. ‘आमच्याकडे टीव्ही होता, अख्खी चाळ यायची, किती एकोपा होता’ असं म्हणायचं. हे वाक्य नेहमी टीव्ही असलेल्या घरातला माणूसच म्हणतो. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना दाराबाहेर चपलांच्या ढिगात उभं राहून दिसणारा अर्धा पडदा आठवतो. ‘आज पाहुणे आलेत’ म्हणून ओढून घेतलेलं लाकडी शटर आठवतं, आणि काही घरांत रविवारच्या सिनेमाला पडणारे चार आणेही. अशी माणसं शक्यतो या चर्चेला बोलावू नका.

लायसन्सची आठवण गंमत म्हणून चालेल. पोस्टात जाऊन टीव्हीसाठी वर्षाला पन्नास रुपये भरायचे, हे नातवंडांना सांगितलं की ती हसतात. तुम्हीही हसा. पाहणारा पैसे भरतो म्हणजे वाहिनी त्याला बांधील असते, असलं काही मनात आणू नका. आपल्याकडे पैसे भरूनही तसं कधी झालं नाही, ही गोष्ट वेगळी. ऐंशीच्या दशकात लायसन्स गेलं. जाहिराती १९७६ पासून आल्याच होत्या. राहिलं सरकारी अनुदान. म्हणजे साबणवाला आणि मंत्रालय असे दोन मालक झाले. तिसरा, पन्नास रुपयांवाला, सुटला. त्यानेही सुटकेचा नि:श्वासच टाकला.

‘आमची माती आमची माणसं’ हा विनोदाचा विषय म्हणून राखून ठेवा. करप्या रोग, युरियाची मात्रा, फेटेवाला शेतकरी, आणि समोर गिरगावातलं कुटुंब सिनेमाची वाट बघत बसलेलं. हमखास हशा. पण हशा ओसरायच्या आत विषय बदला. नाही तर कुणी तरी विचारेल की शेतकऱ्यासाठी केलेला कार्यक्रम शेतकऱ्याला दिसत का नव्हता. वरळीच्या मनोऱ्याचा पल्ला मुंबई आणि आसपासचा. १९७३ साली पुण्याला ट्रान्समीटर आला तेव्हा घाटावरच्या थोड्याफार गावांची सोय झाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक गावांनी टीव्ही पाहिला तो पुढे इन्सॅट उपग्रह आणि कमी शक्तीचे ट्रान्समीटर आल्यावर. १९८४ साली तर देशभर ते भराभर उभे राहिले. पण सुरुवातीला त्यांना वरून जे मिळत होतं ते दिल्लीचं. कपाशीवरची बोंडअळी दादरच्या दिवाणखान्यात, आणि कपाशीवाल्याच्या घरात दिल्लीचं हिंदी बातमीपत्र! असा उपरोध ठरवूनही जमत नाही, त्याला नियोजन लागतं.

१९८२ बद्दल बोलताना फक्त रंगांबद्दल बोला. एशियाड, रंगीत टीव्ही, शेजाऱ्यांचा जळफळाट. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची, म्हणजे जेवून हात धुऊन माणूस निवांत बसतो तीच वेळ सगळ्या केंद्रांकडून दिल्लीने काढून घेतली, हे कशाला उकरायचं? मुंबई केंद्राच्या संध्याकाळीत गुजराती आणि हिंदीही आधीपासून वाटेकरी होतेच, त्याबद्दल तक्रार नाही, शहरच तसं आहे. पण आता मराठीच्या वाट्याला आली ती कुकर लावायची वेळ. त्यावर फारसं कुणी भांडलं नाही. पुढे रामायणही लागलं ना.

आता सर्वांत नाजूक भाग. ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ हे त्या काळचे लाडके कार्यक्रम. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ, आणि ‘तसं आता होणे नाही’ हे वाक्य. इथे एखादा चोवीस-पंचवीस वर्षांचा उत्साही मुलगा फोन काढून म्हणेल, ‘काका, दाखवा ना, सगळे भाग कुठे मिळतील?’ या प्रश्नाची तयारी घरून करून या. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, बाहेरून मागवावी लागे. म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरा घ्यायचा. खोक्यावरचं जुनं नाव खोडून त्याखाली नवं, तेही खोडून त्याखाली आणखी एक. कागदोपत्री हा काटकसरीचा नमुना आहे. नाटकवाले, गवई, लेखक, ज्यांना ऐकायला आज आपण वाटेल ते पैसे मोजू, त्यांच्या डोक्यावर कुणाच्या तरी उद्घाटनाचं भाषण बसलं असेल आणि त्या भाषणाच्या डोक्यावर एखादी फुटबॉलची मॅच. बीबीसीनेही आपल्या टेपा अशाच पुसल्या, हे ठोकून द्या. त्यांनी नंतर चूक ओळखून जगभरच्या केंद्रांतून आणि हौशी संग्राहकांकडून प्रती शोधून परत मिळवल्या, एवढं मात्र सांगू नका. मुलाला म्हणा, ‘अरे, ते अनुभवायचं असतं.’

यानंतर दोषारोप. इथे तुमचा हात कुणी धरू शकत नाही, कारण आरोपी समोर हजर असतात. खासगी वाहिन्या. १९९२ ला झी, १९९९ ला अल्फा मराठी, पुढच्याच वर्षी ई-टीव्ही मराठी. सासू, सून, विष, पुनर्जन्म. यांनीच दूरदर्शन संपवलं म्हणून मोकळे व्हा. दूरदर्शनचीच मराठी उपग्रह वाहिनी १९९४ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली होती, म्हणजे अल्फाच्या पाच वर्षं आधी, ही पाच वर्षं हिशेबात धरू नका. २००० साली तिचं नाव ‘सह्याद्री’ झालं. आपल्याकडे कामाला वेग आला नाही की नामकरण करतात, तो धर्म पाळला गेला. स्वायत्ततेचं म्हणाल तर दूरदर्शन-आकाशवाणीला सरकारी खात्यातून काढून महामंडळाकडे देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, आणि महामंडळ प्रत्यक्षात आलं १९९७ ला. मधली सात वर्षं फाइल स्वायत्त होती. त्यानंतर नोकरभरती अशी रखडली की निवृत्तीचे समारंभ नियमित आणि नव्या माणसाच्या स्वागताचा हार सहसा लागेचना. घडवलेली माणसं समोरच्या वाहिन्यांनी उचलली आणि आपण म्हटलं, बघा, दूरदर्शनवर आता कुणी चांगलं माणूसच उरलं नाही.

हे सारं जमलं की शेवटची खबरदारी: चुकूनही सह्याद्री लावू नका. तिथे आजही मराठी बातम्या लागतात, आणि त्यात दोन माणसं एका वेळी ओरडत नाहीत. शेतीचा कार्यक्रम असतो. गाणं ऐकायला बसावं तर परीक्षक रडत नाही. दहा मिनिटं पाहिलंत तर तुमची हळहळ उतरायला लागेल, किंवा ‘प्रकाशयोजना जरा बरी हवी होती’ अशी कामाची तक्रार सुचेल, आणि मग ती कुठे तरी लिहून पाठवावी लागेल. नसती आफत.

कायदा तुमच्या बाजूने नाही. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला बंधनकारक आहे, तेव्हा ‘आमच्याकडे येतच नाही हो’ ही सबब चालणार नाही. पण केबलवाला समजूतदार आहे. दूरच्या कुठल्याशा आकड्यावर, भक्ती वाहिन्या आणि दागिने विकणाऱ्या वाहिन्यांच्या मधोमध, त्याने ती सुरक्षित ठेवलेली असते. तो आकडा तुम्हाला पाठ असेल तर तुम्ही उगाच इथे वेळ घालवताय. जा, बातम्या लागल्या असतील.