अकरा म्हणजे पाच

आम्हा मिशनरी लोकांना एक खोड असते, कुठे काही खुट्ट झालं की लगेच त्यातून बोध काढायचा. चप्पल तुटली, बोध. लाईट गेली, मोठा बोध. रविवारचं प्रवचन डोक्यावर बसलेलं असतं ना, त्यामुळे शनिवार संध्याकाळपर्यंत आयुष्यात काहीतरी घडावंच लागतं. मी वसईचा, गेली तीन वर्षं टांझानियात डोडोमाच्या बाजूला एका खेड्यातल्या पॅरिशमध्ये आहे आणि इथे बोधाची टंचाई अशी कधी पडलीच नाही, कारण इथली वेळ.

घड्याळ तुमच्याआमच्यासारखंच, बारा आकड्यांचं. पण स्वाहिलीत तास मोजायचे ते दिवस उजाडल्यापासून. सकाळचे 7 म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. दुपारचे 12 म्हणजे 'सा सीता', म्हणजे सहा. संध्याकाळी 6 ला बारा वाजतात (खरोखरचे) आणि 7 पासून रात्रीचा परत एक सुरू. विषुववृत्त जवळ, सूर्य वर्षभर साधारण त्याच सुमाराला उगवतो, त्यामुळे त्यांचं काहीच अडत नाही. काटा दहावर असला तरी माणूस बिनदिक्कत समोरचा चारचा आकडा वाचून मोकळा होतो. हे सगळं भाषेच्या क्लासात शिकवलेलं, मी वहीत उतरवूनही घेतलेलं. वही पेटीत होती.

पहिल्याच महिन्यात आमच्या कॅटेकिस्टचा (गावात धर्मशिक्षण देणारा आमचा मदतनीस) फोन, उद्या हारुसी, सा न्ने. हारुसी म्हणजे लग्न, न्ने म्हणजे चार, दोन्ही शब्द डिक्शनरी न बघता कळले म्हणून मी स्वतःवरच खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बनियन-लुंगीवर बादलीत झगा भिजवून बसलोय, चारपर्यंत वाळेल या हिशोबाने, तेवढ्यात दारात मोटरसायकल. कॅटेकिस्ट उतरला, माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही आणि हळूच म्हणाला, "पोले, पाद्री." पोले म्हणजे आपण कुणाला ठेच लागल्यावर 'अरेरे' म्हणतो ना, तसं. नवरी दहा वाजल्यापासून बाओबाबच्या झाडाखाली उभी होती. मी लुंगीवरच पांढरा आल्बा, म्हणजे विधीच्या वेळचा पायघोळ अंगरखा, चढवला आणि मागे बसलो. त्या लग्नाच्या ग्रुप फोटोत आल्ब्याखाली चौकड्यांची किनार दिसते, आणि नंतर एका म्हाताऱ्या बाईंनी, काय छान किकोई (इथली लुंगीच म्हणा) आहे, कुठे मिळाली, असंही विचारलं.

पाद्री हा शब्द मात्र मला शिकावा लागला नाही, पोर्तुगीज इथल्या किनाऱ्यालाही येऊन गेलेत. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात ना, त्याच पोर्तुगीज शब्दावरून स्वाहिलीत 'गेरेझा' आलाय, अर्थ तुरुंग. यावर मी अजून एकदाही प्रवचन दिलेलं नाही.

आईला फोनवर हे सगळं रडगाणं सांगितलं. आधीच आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यात हा सहा तासांचा घोळ. ती म्हणाली, "आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया 1597 ला नागासाकीला जाऊन क्रुसावर चढला, आणि तू घड्याळावरून कुरकुर करतोस?" पुढे काय बोलणार.

पण खरी फजिती अजून व्हायची होती. रविवारचं शुभवर्तमान आलं मत्तय 20, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. डोडोमा म्हणजे द्राक्षांचा मुलूख, आपल्या नाशिकसारखा, पण इथे वर्षातून दोनदा तोडणी, तेव्हा विषय अगदी घरचा. मी रात्रभर बसून तयारी केली. मालक पहाटे मजूर आणतो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्याला, नवव्याला, शेवटी अकराव्या तासाला, आणि मजुरी सगळ्यांना सारखीच. आता वसईत हे वाचलं की अकरावा तास म्हणजे सकाळचे अकरा असं अर्ध्या लोकांना वाटतं, सेमिनरीत आम्हाला यासाठी फळ्यावर तक्ता काढून दाखवला होता. मीही हातवारे करत सांगितलं, बंधुभगिनींनो, त्या काळी ज्यू लोक उजाडल्यापासून तास मोजायचे, म्हणून हा अकरावा तास म्हणजे आपले सकाळचे अकरा नव्हेत तर... तर... आणि तिथे मी अडकलो, कारण संध्याकाळचे 5 याला स्वाहिलीत शब्दच 'सा कुमी ना मोजा', म्हणजे अकरा. चर्चमध्ये चिडीचूप. पुढच्या बाकावरच्या त्याच किकोईवाल्या आजी शेजारणीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाद्री सांगतायत अकरा म्हणजे अकरा."

दोन हजार वर्षांचं टीपा-भाष्य इथे पोरंटोरं जन्मतः घेऊन येतात. प्रभू येशू क्रुसावर असताना सहाव्या तासापासून नवव्यापर्यंत अंधार पडला, तो दुपारी 12 ते 3, हे यांना कुणी समजवावं लागत नाही.

मिस्सानंतर एक द्राक्षबागायतदार बाजूला घेऊन म्हणाला, पाद्री, दाखला छान आहे पण तोडणीच्या दिवसात सांगू नका, उद्यापासून पहाटे कोण येईल माझ्याकडे? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, सेमिनरीतही नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, तुम्हीच या एक दिवस तोडणीला, सा कुमी ना मोजा.

आता मी काय कच्चा आहे का. लगेच हिशोब लावला, अकरा म्हणजे 5. बरोब्बर पाचच्या ठोक्याला, ऊन उतरल्यावर, टोपी घालून बागेत हजर. तर क्रेट भरून झालेले, ट्रॉली निघायच्या बेतात, मजूर हात धुतायत. सा कुमी ना मोजा पहाटेचेही असतात म्हणे, अल्फाजिरी, आणि तो तेच म्हणाला होता.

मालकाने एक शब्द काढला नाही. सगळ्यांना एकेक बादली द्राक्षं घरी न्यायला देत होता, तशीच एक भरून माझ्याही हातात ठेवली. पहाटेपासून वाकून वाकून कंबर धरलेल्या दोन बायका बादलीकडे बघत होत्या, मग माझ्या टोपीकडे. मी मान खाली घातली आणि बादली घेऊन सुटलो.