‘सुताराने लोखंडाच्या नादी लागू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माळ्यावर खोली काढण्याच्या माझ्या लेखाखाली आलेली एक प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, ‘बांधकामातला माणूस’ एवढंच लिहिलंय, म्हणून मी त्यांना साहेब म्हणतो. त्यांचं म्हणणं असं : “आय-गर्डरला लाकडी कड्या बसवायला लाकडाचे ठोकळे, बोल्ट, वर अर्धा इंच फट, एवढा खटाटोप कशाला? अँगलचे तुकडे वेल्ड करा, त्यांना कड्या बोल्टने आवळा, अर्ध्या दिवसात काम संपतं. सुताराने लोखंडाच्या नादी लागू नये. लेखात भाराचं गणित नाही. गर्डर भिंतीवर कसा टेकवला त्यावर एकच ओळ.” (नवख्यांसाठी : आय-गर्डर म्हणजे इंग्रजी ‘I’ च्या आकाराची लोखंडी तुळई, कड्या म्हणजे जमिनीच्या फळ्या ज्यांवर बसतात ती आडवी लाकडं, आणि अँगल म्हणजे ‘L’ च्या आकाराची लोखंडी पट्टी.)

साहेब, यातली बाकीची वाक्यं कामाबद्दल आहेत आणि एक माझ्याबद्दल आहे. कामाबद्दल कितीही कडक बोला, मला चालतं. ते एक वाक्य मात्र मला चालत नाही. ते तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंत ते तर अजिबातच चालत नाही. आपल्या भागात सुताराला ‘मेस्त्री’ म्हणून हाक मारतात, घरात चहाला बसवतात. त्याला त्याची जागा दाखवण्याची भाषा मी बेळगावच्या शहापुरात कधी ऐकली नव्हती, ती इथे वाचायला मिळाली.

माझे आप्पा सुतार. खानापूर भागातला साग आणि मत्ती त्यांनी आयुष्यभर कापली, मी त्यांच्या हाताखाली पटाशी धरायला शिकलो. पण पोटासाठी मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू करण्याच्या, शेडमध्ये बरीच वर्षं काढली. चॅनेल, अँगल, गर्डर मी कापलेत, डोळ्यांपुढे काच धरून वेल्डिंगही केलंय. लोखंडाच्या नादी लागण्यासाठी मला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही माझा एकच लेख वाचलात आणि माझी सगळी लायकी ठरवून टाकलीत, हे शोभत नाही.

एक गोष्ट मान्य करतो : अँगल वेल्ड केला तर वेळ वाचतो. माणसं कमी लागतात, मजुरीही कमी पडते. याबद्दल माझा वाद नाही.

आता सुताराला लोखंडाजवळ का जावं लागतं ते सांगतो. माझ्या लेखातल्या घरात 200 मिलिमीटर उंचीचा आयएसएमबी, म्हणजे भारतीय मानकाचा मध्यम वजनाचा, गर्डर आहे. त्याची फ्लँज, म्हणजे वरची-खालची आडवी पट्टी, 100 मिलिमीटर रुंद, मधली उभी पट्टी पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका बाजूला कडीला टेकायला साधारण 47 मिलिमीटर जागा मिळते. पण ती जागा सपाट नसते. आपल्याकडच्या या गर्डरच्या फ्लँजला आतून आठ अंशांचा उतार असतो, उभ्या पट्टीजवळ ती जाड आणि कडेला पातळ. 47 मिलिमीटरमध्ये हा फरक साडेसहा मिलिमीटरच्या घरात जातो. कडीचं टोक सरळ कापून तिथे ठेवलं तर ती आतल्या टोकावर टेकते आणि बाहेरच्या बाजूला पोकळ राहते. सगळा भार लाकडाच्या अरुंद कडेवर येतो, तिथले तंतू चिरडतात आणि जमीन चालताना करकरते. म्हणून प्रत्येक कडीचं बूड त्या उतारात उतरवावं लागतं आणि कोपऱ्यातल्या गोलाईसाठी टोकाची धार मारावी लागते. हे पटाशीचं आणि रंध्याचं काम आहे. ते वेल्डर करील का? त्याच फ्लँजमधून बोल्ट घालायचा असेल तर उताराचा वॉशर घालावा लागतो, हे शेडमधल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं.

दुसरी बाब लाकडाच्या हालचालीची. बेळगावात आषाढ-श्रावणात हवा इतकी ओली होते की दारं फुगून अडकतात, आणि चैत्रात तीच दारं सैल वाजतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते आडवं, तंतूंच्या काटकोनात. आठ इंच उंचीची सागाची कडी वाळलेली असली तरी पावसाळा-उन्हाळ्यात दोन-तीन मिलिमीटर चढ-उतार दाखवते. वखारीतून ओली आणली असेल तर वाळताना सात मिलिमीटरपर्यंतही उतरू शकते. गर्डरचं तसं नाही. चार मीटर लांबीच्या गर्डरला वीस अंशांचा फरक पडला तरी लांबीत जेमतेम एक मिलिमीटर, उंचीत तर मोजण्यासारखं काहीच नाही.

आता तुमची पद्धत बघा. अँगल गर्डरला पक्का, त्यात कडीला वर-खाली दोन बोल्ट. कडी आकसायला लागली की दोन बोल्टांमधलं लाकूड जवळ येऊ बघतं, पण बोल्ट लोखंडात अडकलेले, ते हलत नाहीत. मग लाकूड फाटतं, बोल्टांच्या रेषेत, तंतूंच्या दिशेने. कडीचा माथा गर्डरच्या माथ्याशी सपाट ठेवलेला असेल तर आकसल्यावर कड्या खाली जातात, गर्डर तिथेच राहतो आणि फळ्यांना खोलीच्या मधोमध उंचवटा येतो. टिळकवाडीतल्या एका घरी हे मी दोन्ही एकत्र पाहिलंय. ठेकेदाराचं नाव घेत नाही. फळ्या काढल्या तेव्हा कड्यांच्या टोकांना बोट जाईल अशा चिरा होत्या. मालकीणबाईंनी विचारलं, “लाकूड खराब होतं का ओ मेस्त्री?” लाकूड जुन्या घरातला साग होता, चांगलं खणखणीत. मला त्या सागाचं फार वाईट वाटलं. असं लाकूड आता सहज मिळत नाही.

म्हणून माझ्या पद्धतीत कडी खालच्या फ्लँजवर नुसती टेकते. दोन कड्यांमधल्या गाळ्यात ठोकळा बसतो, तो उभ्या पट्टीतून 12 मिलिमीटरच्या बोल्टने आवळलेला. भोक पट्टीच्या मध्यावर, कारण गर्डर वाकताना तिथे वाकण्याचा ताण सगळ्यात कमी असतो, आणि ते ड्रिलने, गॅसने नाही. कडीला ठोकळ्यात फक्त तिरपा स्क्रू, ती सरकू नये किंवा पिळू नये म्हणून. वर-खाली व्हायची तिला मोकळीक राहते. आणि कड्यांचा माथा गर्डरपेक्षा अर्धा इंच वर ठेवतो, म्हणजे लाकूड उतरलं तरी फळी लोखंडाला टेकत नाही. ज्याला तुम्ही खटाटोप म्हणालात तो हाच. ही फट मी हौसेने ठेवत नाही.

शिवाय वेल्डिंग करणार कुठे? माळ्यावर, डोक्यावर मंगलोरी कौलं, त्याखाली पन्नास वर्षं वाळलेल्या रिपा आणि वासे, कोपऱ्यात उंदरांनी नेलेला काथ्या. एक ठिणगी रिपेत शिरली की रात्री कधीतरी धूर दिसतो. शेडमध्ये मी वेल्डिंग केलं तेव्हा बाजूला वाळूची बादली आणि खाली काँक्रीट असायचं. शिवाय वेल्ड केलेल्या जागी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, पाठीमागूनही जळतो, आणि कडी बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. पुढच्या पावसाळ्यापासून तो कोपरा गंजायला मोकळा. अर्धा दिवस वाचवून हे पदरात पाडून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण दुसऱ्याच्या घरात तसा सल्ला देऊ नका.

भाराचं गणित मुद्दाम दिलं नाही. राहत्या खोलीला आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात, एवढं इथे सांगतो. गर्डर कुठला आणि किती लांबीचा हे त्या घराच्या इंजिनिअरने ठरवायचं असतं, कुणी लेख वाचून ठरवू नये. भिंतीवर टेकवण्याचं म्हणाल तर जांभ्याच्या भिंतीवर काँक्रीटची उशी घालून टेकवला. त्या ओळीत तेच लिहिलंय, आणि त्यापेक्षा जास्त त्यात सांगण्यासारखं नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. वेल्ड केलेल्या अँगलवर तुम्ही बसवलेली जमीन असेल तर तिचे फोटो पाठवा, एक श्रावणातला आणि एक वैशाखातला, दोन्ही फोटोंत गर्डरवरच्या फळ्यांवर पाणसळ ठेवलेली दिसू दे. मी ते याच लेखाखाली तुमच्या शब्दांसह लावीन. फक्त त्या शब्दांत ‘सुताराने’ असं पुन्हा नको.