‘जुना माल खपवला’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर काल रात्री दुकान वाढवल्यावर वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून 560 रुपये किलोची चहापूड पाव किलो नेली, तिला रंग नाही, जुनाट वास येतो, आम्ही जुना माल खपवला, आम्ही लुटतो, आणि परत करायला आलात तेव्हा परत न घेता उलट चारचौघांत ऐकवलं. त्या दिवशी माझा आवाज चढला, त्याबद्दल माफी मागतो. तुमच्या आई सोबत होत्या, त्यांच्यासमोर तसं बोलायला नको होतं.

रंगाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण पूर्ण नाही. तुम्ही ‘रोजचा, वासाला चांगला चहा द्या’ एवढंच म्हणालात आणि आमच्या मुलाने मोठ्या दाण्याची आसाम दिली. घरी चहा कसा करता, हे त्याने विचारायला हवं होतं. ती आमची चूक. तुम्ही पाणी, दूध, साखर, पूड सगळं एकत्र टाकून एक उकळी आली की गाळता, हे तुम्ही परत आलात तेव्हा कळलं. मोठा दाणा एका उकळीत खुलत नाही. तो आधी नुसत्या पाण्यात चार मिनिटं उकळू द्यायचा आणि दूध मागून, गरम करून घालायचं. एका उकळीच्या घराला बारीक दाणा किंवा दाणेदार आणि डस्टचं मिक्स लागतं. डस्ट म्हणजे झाडून काढलेली धूळ असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बारीक चाळणीचा माल असतो, रंग आणि कडकपणा त्यातूनच येतो. आमचं मिक्स 480 चं आहे. महागच विकायचं असतं तर तुम्ही परत आलात तेव्हा ‘मिक्स न्या’ असं मी कशाला सांगितलं असतं?

आणि रंग पटकन सुटला म्हणजे चहा चांगला, असंही नसतं. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरून वर थोडं पाणी शिंपडा. लगेच गडद डाग धावले तर रंग मिसळलाय असं समजा. आमच्या पुडीवर हे घरी करून बघा, अगदी खुशाल करा.

पण ‘जुना माल’ हा शब्द मला रात्रभर लागला, म्हणून थोडं लांबवतो.

तुम्ही फेब्रुवारीत पूड नेलीत. आसाममध्ये थंडीत झाडाला नवी पालवी नसते, तेव्हा छाटणी चालते. 2024 साली तर टी बोर्डाने तिथली तोडणी 30 नोव्हेंबरलाच थांबवायला लावली होती. म्हणजे फेब्रुवारीत अख्खा देश जो आसाम चहा पितो तो आदल्या हंगामाचाच असतो, आमचा असो नाहीतर चकचकीत पाकिटातला. कोरडा आणि बंद ठेवला तर सीटीसी, म्हणजे यंत्रात पाला चिरडून केलेला दाणेदार चहा वर्षभर छान राहतो. मे अखेर ते जूनच्या तोडणीचा माल सगळ्यात दमदार असतो, पुढे पावसाळ्यात पाला भरपूर येतो पण तो चवीला पाणचट. आम्ही जूनचा माल धरून ठेवतो, त्यात पैसे अडकतात, म्हणून तो भाव. पोत्यावर बागेचं नाव, ग्रेड, इनव्हॉइस नंबर, वजन सगळं छापलेलं असतं. तुम्हाला दाखवायला मी पोतं पुढे ओढलं होतं, तोवर तुम्ही पायरी उतरला होतात.

ऑगस्ट 2016 ला इथे नाशकात गोदावरीला पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात होता, तेव्हा आमच्या दुकानातही गुडघ्याच्या वर पाणी होतं. खालची पोती भिजली. वरची अकरा कोरडी होती, मी हात घालून बघितली होती. वडिलांनी एक पोतं उसवलं, मूठभर पूड तळहातावर घेऊन तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, ‘ओल धरली, जाऊ दे.’ अकराच्या अकरा पोती घंटागाडीत गेली. त्या वर्षी दिवाळीला घरात कुणाला कपडे झाले नाहीत. ताई, त्या माणसाच्या दुकानाला तुम्ही जुना माल खपवणारे म्हणालात. वडील आता 74 वर्षांचे आहेत, रोज सकाळी गल्ल्यावर बसतात. हा रिव्ह्यू त्यांना मी अजून दाखवलेला नाही.

आता वासाचं. हे मला जाहीर लिहायचं नव्हतं, पण तुम्ही फक्त अर्धीच हकीकत लिहिलीत. पूड तुम्ही आमच्या पिशवीत आणली नव्हती, स्टीलच्या डब्यात आणली होती. झाकण उघडलं तर चहाच्या आधी काळ्या मसाल्याचा वास आला. झाकणाच्या कडेला तेलकट तपकिरी रेघ होती, मी ती बोटाने पुसून तुमच्या आईंना दाखवली आणि ‘त्यात मसालाच असायचा’ असं त्या स्वतः म्हणाल्या. चहा वास ओढून घेतो. मसाला, कापूर, उदबत्ती, साबण, जवळ जे असेल त्याचा वास चहा घेतो. म्हणून आम्ही चहाच्या दुकानात वेलची सोडून दुसरा मसाला ठेवत नाही, वेलचीसुद्धा वेगळ्या कपाटात. आणि पाव किलोतली जेमतेम पाऊण वाटी उरली होती, अठरा दिवसांनी. ती परत घेऊन मी कुणाला विकणार होतो?

भावाचंही सांगतो. 560 ची पूड कपाला अडीच ग्रॅम धरली तर एक रुपया चाळीस पैसे पडते. तुम्ही सांगितलेली 440 ची एक रुपया दहा पैसे. कपामागे तीस पैसे. ते जास्त वाटत असतील तर जरूर स्वस्त घ्या, राग नाही. पण ‘लुटतात’ हा शब्द तीस पैशांना फार जड आहे. गावातल्या दुकानांना पार्किंग नाही म्हणून आधीच गिऱ्हाईक तुटतंय, त्यात असा शब्द मोबाइलवर कायमचा राहतो आणि नवा माणूस तो वाचून पायरीच चढत नाही.

खरं तर आमच्याकडे लहान शेगडी आहे, घेण्याआधी कुणालाही चहा उकळून चाखायला देतो. तुम्हालाही मुलाने विचारलं होतं. टोइंगची गाडी येईल म्हणून तुम्ही घाईत होतात, ते समजू शकतो.

यापुढे घरी चहा कसा करता, दूध गाईचं की म्हशीचं, पाणी नळाचं की बोअरचं, हे आधी विचारायला मुलाला सांगितलंय. बोअरच्या जड पाण्यात चहा काळवंडतो आणि वर साय धरल्यासारखा थर येतो. 100 ग्रॅमच्या पुड्याही करायचा विचार आहे, बघू कसं जमतं.

तुमच्यासाठी मिक्सची पाव किलोची पिशवी बाजूला काढून ठेवली आहे. पैसे नकोत. सकाळी दहाच्या आत आलात तर गाडी समोरच लागते, आणि वडीलही असतात, एक कप त्यांच्या हातचा घ्या. डबा आणू नका, पिशवीचं तोंड चिमट्याने बंद करून तशीच ठेवा, मसाल्याच्या फळीपासून लांब.