दर रविवारी पाणी भरणं ही दुरुस्ती नव्हे

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बॉयलरवरचा माझा लेख इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना उगाच घाबरवतो. लंडनजवळच्या स्लाउमधल्या तुमच्या भाड्याच्या घरात दर रविवारी प्रेशर भरायचं, म्हणजे हीटिंगमध्ये पाणी सोडून दाब वाढवायचा, एरर आला की रीसेट दाबायचं, एवढ्यावर कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) दोन हिवाळे चालला आहे. मग इंजिनिअरवर पैसे का घालवायचे, आणि व्हिडिओ बघून कव्हर उघडलं तर बिघडलं कुठे?

पैशांची चिंता रास्तच आहे, आणि प्रेशर स्वतः भरा असं मीही लिहिलं होतं. बॉयलर गार असताना प्रेशरचा काटा १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) दरम्यान हवा. वर्षातून एखाद-दोनदा थोडं पाणी भरावं लागलं तर त्यात काळजीचं काही नाही. पण दर रविवारी? हीटिंगचं पाणी बंदिस्त असतं. तेच ते पाणी बॉयलर आणि रेडिएटरमधून फिरत राहतं, नळाला येणाऱ्या गरम पाण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा दर आठवड्याला भरावं लागतंय याचा अर्थ तेवढं पाणी दर आठवड्याला कुठेतरी बाहेर जातंय.

कुठे, ते कव्हरला हात न लावता बरंचसं कळतं. सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी काट्याचा फोटो काढा, रेडिएटर चांगले तापल्यावर दुसरा काढा. १.२ चा १.८ झाला तर ठीक, तापलेलं पाणी प्रसरण पावतंच. पण काटा ३ च्या जवळ गेला तर संशय एक्स्पान्शन व्हेसलवर. या लोखंडी डब्यात रबरी पडदा असतो. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. हवा उतरली की वाढलेल्या पाण्याला जागा उरत नाही, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर सोडतो. रात्री सगळं गार झालं की काटा शून्याकडे. तुम्ही पुन्हा भरता, तो पुन्हा फेकतो. शिवाय एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तो नीट बसत नाही आणि ठिबकतच राहतो.

बाहेरच्या भिंतीतून तांब्याची बारीक नळी निघून परत भिंतीकडे वळलेली दिसेल. हीटिंग बंद असताना तिच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. कोरडी असेल तर रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हखाली टिश्यू फिरवा, खालच्या मजल्याच्या छतावर डाग आहेत का बघा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर आत ऑक्सिजन जातो आणि पोलादी रेडिएटर आतून गंजतात. त्याचा काळा गाळ तळाशी बसतो. रेडिएटर वरून गरम आणि खालून गार लागत असेल तर तो हाच गाळ. (वरून गार असेल तर नुसती हवा आहे, किल्लीने काढून टाका.) गंज रोखणारं रसायन पातळ होत जातं ते वेगळंच. तुमच्या भागातलं पाणी जड, त्यामुळे क्षारांची भरही पडते. आज वाचलेले पैसे उद्या पंप आणि हीट एक्स्चेंजरवर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) जातात.

रीसेट एकदा, फार तर दोनदा दाबा. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुडून बंद पडला असेल, तर बाहेरची कंडेन्सेटची (जळलेल्या वायूतल्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारी) प्लास्टिकची नळी गोठलेली असू शकते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि मग रीसेट करा. त्यानंतरही चालू होत नसेल तर दाबत राहू नका.

कव्हरच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. अनेक बॉयलरमध्ये ते कव्हर म्हणजेच जळलेला वायू खोलीत येऊ न देणारं सील असतं. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि घरात मुलं झोपलेली असतात. हे काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस इंजिनिअरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्याचंच. त्याचं कार्ड उलटून बघा. कोणत्या कामांची पात्रता आहे ते मागे लिहिलेलं असतं. गॅसचा वास आला तर गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा: ०८०० १११ ९९९.

आणि मुळात हा खर्च तुमचा नाहीच! १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं घरमालकाचं काम आहे. ‘दरवर्षी गॅस चेक होतो’ असं तुम्ही लिहिलंय, पण ती सुरक्षिततेची तपासणी असते, सर्व्हिसिंग नव्हे. काट्याचे दोन्ही फोटो, पिशवीचा निकाल आणि किती वेळा पाणी भरावं लागतं हे सगळं घालून आज घरमालकाच्या एजंटला ईमेल करा. फोनवर सांगू नका, लेखीच कळवा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर इथेच लिहा, पुढचं पत्र आपण मिळून तयार करू.