बाटलीला एकच ओळ?

जपानी छायाचित्रकार तोमात्सु शोमेई यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनावरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. 'विंटेज प्रिंट म्हणजे जुन्या फोटोची प्रत' असं त्यात म्हटलंय, ते तितकंसं बरोबर नाही. फोटो काढल्यावर थोड्याच काळात, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रत ती विंटेज. तीच निगेटिव्ह चाळीस वर्षांनी छापली तर कागद वेगळा, काळा रंग वेगळा, आणि छापणारा माणूसही बदललेला. डार्करूममध्ये हायपोच्या (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या) वासात तासन्‌तास उभं राहिलेल्यांना हे सांगायला नको.

तोमात्सुंनी १९६१मध्ये नागासाकीत काढलेला बाटलीचा फोटो बघा, लेखात त्याला एकच ओळ मिळालीय. अणुबॉम्बच्या उष्णतेने वितळलेली साधी बिअरची बाटली, पण पहिल्या नजरेला सोललेलं जनावर टांगलंय असंच वाटतं. मी तर फोटोखालची ओळ वाचून परत फोटोकडे वळलो. काचेवरची ती ओलसर चकाकी मोबाइलवर नुसता पांढरा डाग होऊन जाते. बॉम्ब फुटला त्या क्षणी, ११:०२ला थांबलेल्या घड्याळाच्या त्यांच्या फोटोवर सगळेच लिहितात, तुम्हीही अर्धा लेख त्यालाच दिलात. आणि जपानचं ओकिनावा बेट? त्याचा तर उल्लेखच नाही! तिथे तर तोमात्सु उतारवयात कायमचे राहायला गेले, २०१२मध्ये तिथेच वारले.